मोठा ब्लॉक बसवल्यानंतर स्कूटरच्या कार्ब्युरेटरची सेटिंग: विदर्भातील ऊन-थंडीचा हिशेब धरून

जुन्या एलएमएल स्कूटरचा १५० सीसीचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर, काढून त्या जागी ६३ मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, मोठा ब्लॉक बसवला, की पहिले काही दिवस गाडी अशी ओढते की कार्ब्युरेटरकडे पाहण्याची गरजच वाटत नाही. दुधाच्या दोन कॅन आणि मागे बसलेला माणूस घेऊन ती चढ सहज चढते, रेस दिल्याबरोबर उचलते आणि आवाजही मोकळा येतो. सर्वांत जास्त सावध राहण्याचा काळ नेमका हाच असतो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेले मिश्रण, ज्याला मेकॅनिक लीन म्हणतात, ते इंजिनला इजा करण्यापूर्वी काही काळ त्याला चांगलेच पळवते. उलट पेट्रोल जास्त असलेले, म्हणजे रिच, मिश्रण गाडीला जड करते, धूर काढते, प्लग काळा करते आणि खर्च वाढवते, पण पिस्टन सहसा जाळत नाही. म्हणून सेटिंग नेहमी रिच बाजूने सुरू करून हळूहळू खाली आणावी. लीन बाजूने वर चढत जाण्याचा प्रयोग महागात पडतो.

हे मी अनुभवाने शिकलो. मे महिन्यात, भर दुपारी, गाडी अगदी मनासारखी चालेल असा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा, मी कार्ब्युरेटरमध्ये बसवला होता. त्यानंतर तो सात महिने तसाच राहिला. डिसेंबरच्या एका पहाटे आर्वीहून पुलगावकडे जाताना, रस्ता मोकळा मिळाला म्हणून ॲक्सिलरेटर बराच वेळ पूर्ण पिळलेला असताना, आवाज एकाएकी बारीक झाला, धातूवर खडे पडावेत तशी टिकटिक ऐकू आली आणि मागचे चाक धरले गेले. क्लचवर बोटे होती म्हणून पडलो नाही. ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला ॲल्युमिनियम खरवडून त्याचे पट्टे ब्लॉकला चिकटलेले दिसले. ब्लॉक चांगला होता आणि ऑइलही बरोबर होते. चूक एवढीच होती की मी ४५ अंशांच्या हवेसाठी बसवलेला जेट १२ अंशांच्या हवेत चालवत होतो.

त्यामागचा हिशेब साधा आहे. हवा जितकी थंड तितकी ती दाट असते. १२ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ असते. कार्ब्युरेटर हवेचे वजन करत नाही. नळीत तयार होणाऱ्या ओढीनुसार तो पेट्रोल सोडतो, आणि हवा दाट झाली की पेट्रोलही थोडे वाढते, पण पुरेसे वाढत नाही. जो फरक उरतो तो मिश्रणात सुमारे ५ टक्क्यांचा आणि जेटच्या छिद्राच्या व्यासात सुमारे अडीच टक्क्यांचा असतो. म्हणजे १०० नंबरच्या जवळपासच्या मेन जेटला आपल्याकडच्या मे आणि डिसेंबरमध्ये दोन ते तीन अंकांचा फरक पडतो. कंपनीच्या मूळ इंजिनला हा फरक सोसतो, कारण कंपनीने त्यात मुळातच थोडे जास्त पेट्रोल ठेवलेले असते. वाढवलेल्या इंजिनात उष्णता जास्त असते आणि ती मोकळीक आपणच संपवलेली असते.

आधी काय बदलले आहे ते ओळखावे

प्रत्येक बदलाला जेट बदलावा लागत नाही. जुन्या चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, तीही ५७ मिलिमीटर, म्हणून ते इंजिन १४५ सीसीचे. झिजलेला ब्लॉक बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला, तर ते सुमारे १४८ सीसी होते. ही वाढ दोन टक्क्यांचीही नाही, तेव्हा केवळ एवढ्यासाठी जेट बदलणे व्यर्थ आहे. ५७.८ मिलिमीटरचा ब्लॉक जाऊन ६३ मिलिमीटरचा आला, तर मात्र १४९.५ चे जवळपास १७८ सीसी होतात. ही वाढ १९ टक्क्यांची आहे.

असे असले तरी, सीसी १९ टक्के वाढले म्हणून जेटही १९ टक्क्यांनी वाढवावा, हा समज चुकीचा आहे. कार्ब्युरेटर तोच ठेवला, तर मोठे इंजिन त्याच नळीतून जास्त जोराने हवा ओढते आणि त्या ओढीबरोबर पेट्रोलही आपोआप वाढते. म्हणून अशा गाडीला मेन जेट सहसा पाच ते दहा अंकांनीच वाढवावा लागतो. कार्ब्युरेटरही मोठा बसवला, तर रुंद नळीतील ओढ कमी पडते आणि जेट बराच वाढवावा लागतो. हवेच्या पेटीचे झाकण मोकळे केले, जाळी काढली किंवा सायलेन्सर बदलला, तरीही मिश्रण लीन होते. अनेक जण ब्लॉकची काळजी करतात आणि सायलेन्सरला शोभेची वस्तू समजतात. प्रत्यक्षात टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे आणि तो बदलला की सेटिंग पहिल्यापासून करावी लागते. हवेची जाळी तर आपल्याकडे कधीही काढू नये. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, हंगामात पांदण रस्त्यावर उडणारी काळ्या मातीची धूळ नव्या रिंगा एका हंगामात खाऊन टाकते.

इंजिनाची क्षमता वाढवणे हा नोंदणीच्या तपशिलातील बदल आहे आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये अशा फेरबदलांवर बंधने आहेत. रस्त्यावर गाडी चालवायची असेल, तर याची चौकशी परिवहन कार्यालयात आधीच करावी, नाहीतर अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडकू शकतो.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी

हवा कुठून तरी फुकट आत येत असेल, तर कोणतीही सेटिंग टिकत नाही. गाडी गरम झाल्यावर रेस देऊन सोडावी. आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल, तर हवा गळते आहे असे समजावे. कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट आणि ब्लॉकच्या खालचे गॅस्केट पाहावे. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू असताना त्या जोडांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा थोडा फवारा मारून आवाज बदलतो का तेही पाहावे. हे मोकळ्या जागेत करावे आणि जवळपास बिडी-सिगारेट असू नये. दोन्ही जोड चांगले असूनही आवाज रेंगाळत असेल, तर क्रँकच्या मॅग्नेटकडील ऑइल सीलवर संशय घ्यावा. क्लचकडील सील गेले असेल, तर गिअर ऑइल इंजिनात ओढले जाते, पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. नवा ब्लॉक बसवताना जुनी सील तशीच ठेवण्याची काटकसर करू नये. इंजिन उघडलेलेच असते आणि ब्लॉकच्या मानाने सीलची किंमत नगण्य असते.

त्यानंतर पेट्रोलचा प्रवाह पाहावा. पूर्ण ॲक्सिलरेटरवर असे इंजिन मिनिटाला साधारण ६० ते ८० मिलिलिटर पेट्रोल पिते. पाईप काढून बाटलीत धरला, तर एका मिनिटात त्याच्या दुप्पट-तिप्पट पेट्रोल आले पाहिजे. येत नसेल, तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, कॉकची जाळी आणि पाईपचा वाक हे तिन्ही तपासावे. इग्निशनचे टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, कंपनीच्या खुणेवर आहे की नाही हेही याच वेळी पाहावे. ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर गाडी लीन असल्यासारखीच लक्षणे दाखवते आणि माणूस नको तिथे जेट बदलत बसतो. मोठ्या ब्लॉकला प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, वापरावा. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड आणि बॉशच्या प्लगवर याच्या नेमके उलटे, हे खरेदी करताना विसरू नये.

जेट म्हणजे नोझलच

फवारणी पंपाचे नोझल झिजून मोठे झाले की औषध किती जास्त जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जेटही तसाच आहे. देलोर्तो या कार्ब्युरेटर कंपनीच्या पद्धतीच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १०० नंबरचे छिद्र बरोबर एक मिलिमीटरचे असते. १०० ऐवजी १०५ बसवला, तर आकडा पाचनेच वाढतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढते. एवढ्या बारीक वस्तूत तार घालून भोक मोठे करण्याची जी रीत अनेक गॅरेजमध्ये आहे, ती ताबडतोब सोडावी. तारेने छिद्र गोल राहत नाही, त्यावरचा आकडा खोटा ठरतो आणि पुढची सगळी मोजणी अंधारात होते. जेट तुंबला, तर पेट्रोलमध्ये भिजवून हवेच्या दाबाने किंवा नायलॉनच्या धाग्याने साफ करावा. मूळ आकड्यापासून दोन-तीन अंकांच्या टप्प्याने वर जाणारे पाच-सहा जेट एकदाच मागवून ठेवावेत. तालुक्याच्या दुकानात ते एकत्र मिळतीलच असे नाही, म्हणून ब्लॉक मागवतानाच ते सोबत मागवणे सोयीचे पडते.

एलएमएल आणि जुन्या चेतकच्या कार्ब्युरेटरमध्ये पेटीचे झाकण आणि जाळी काढली की दोन पितळी तुकडे दिसतात. एकात मेन जेट खाली बसवलेला असतो, त्याच्या वर मिश्रणाची नळी आणि सर्वांत वर हवेचा जेट असतो. दुसरा तुकडा म्हणजे स्लोचा, ज्याला पायलट म्हणतात, तो जेट. पायलटवर ४८/१६० असे दोन आकडे असतात. त्यातला पहिला पेट्रोलचा आणि दुसरा हवेचा. या कार्ब्युरेटरमध्ये मधल्या रेसचे पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई नसते, हे ध्यानात ठेवावे, कारण सुईची पट्टी वर-खाली करण्याचा सल्ला या गाडीला लागू होत नाही.

सेटिंगचा क्रम

ॲक्सिलरेटरची मूठ आणि हँडल यांवर रंगीत पट्टी चिकटवून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात. पायलट जेट आणि त्याचा स्क्रू बंद ते पाव उघडेपर्यंतचा कारभार पाहतात आणि मेन जेटचे राज्य पाऊणपासून पुढे सुरू होते. दुखणे कोणत्या खुणेवर आहे हे कळले, की कोणत्या तुकड्याला हात लावायचा हेही कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही.

सुरुवातीला मूळ आकड्यापेक्षा दहा अंकांनी मोठा मेन जेट बसवावा आणि नव्या ब्लॉकची रनिंग होईपर्यंत, म्हणजे पहिले ५०० किलोमीटर तरी, तो तसाच ठेवावा. या काळात पूर्ण रेस देऊ नये. गाडी थोडी जड चालेल, ते चालू द्यावे.

स्लोची कच्ची सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी करून घ्यावी. पेटीच्या मागच्या बाजूला, रबरी बुचाआड असलेला मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दोन फेरे बाहेर काढावा. तो जोराने आवळला, तर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. गाडी दहा मिनिटे चालवून गरम करावी, वरच्या स्क्रूने स्लो थोडा वाढवावा आणि मागचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत आवाज सर्वांत उंच आणि एकसारखा कुठे येतो ते शोधावे. ते सापडले की पाव फेरा आणखी बाहेर घ्यावा आणि वरच्या स्क्रूने स्लो पुन्हा खाली आणावा. हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणून बाहेर काढला की मिश्रण रिच होते. ज्या कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू हवेच्या जाळीच्या बाजूला असतो, तिथे बाहेर काढल्यावर हवा वाढते आणि मिश्रण लीन होते. एकाचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे पुष्कळ गाड्या बिघडतात. उत्तम जागा एका फेऱ्याच्या आत सापडत असेल, तर पायलट जेट मोठा आहे, आणि तीन फेऱ्यांच्या बाहेर जावे लागत असेल, तर तो लहान आहे.

रनिंग झाल्यावर मेन जेटकडे वळावे. सपाट आणि रिकामा रस्ता निवडावा, हेल्मेट घालावे आणि डाव्या हाताची बोटे क्लचवर ठेवावीत. तिसऱ्या गिअरमध्ये दहा-पंधरा सेकंद पूर्ण रेस द्यावी. मिश्रण रिच असेल, तर आवाज घोगरा येतो आणि उचकी लागल्यासारखी गाडी वेग धरत नाही. जेट दोन-तीन अंकांनी कमी करून पुन्हा पाहावे. घोगरेपणा ज्या जेटवर पूर्ण जातो, त्याहून एक पायरी मोठा जेट कायम करावा. खात्रीसाठी पूर्ण रेसवर असताना चोक क्षणभर ओढून पाहावा. गाडी आणखी मंदावली, तर आपण रिच बाजूला, म्हणजे सुरक्षित बाजूला आहोत. तिने उचल घेतली, तर ती लीन आहे आणि मोठा जेट लगेच टाकावा. मूठ किंचित मिटल्यावर गाडी जास्त ओढू लागली किंवा काही सेकंदांनी तिचा दम उतरू लागला, तरीही तोच अर्थ घ्यावा. टिकटिक ऐकू आली, तर मूठ सोडून क्लच दाबावा आणि त्या दिवशीची चाचणी तिथेच थांबवावी.

शेवटी प्लग पाहावा. नवा प्लग बसवून पूर्ण रेसवर काही अंतर जावे, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी घरंगळत थांबू द्यावी. स्लोवर चालवत घरी आणून प्लग पाहिला, तर तो स्लोचा रंग दाखवतो. पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी बुडाशी फिकट तपकिरी वलय दिसले तर ठीक. सगळे कोरडे पांढरे असेल किंवा त्यावर चकाकणारे बारीक ठिपके असतील, तर मिश्रण लीन आहे; ते ठिपके म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम. शिसे असलेले पेट्रोल २००० साली बंद झाल्यापासून प्लगचा रंग पूर्वीइतका गडद येत नाही, म्हणून जुन्या मेकॅनिकने शिकवलेल्या विटकरी रंगाची वाट पाहत बसू नये. आवाज, चोक आणि प्लग या तिघांची साक्ष जुळली तरच निकाल द्यावा.

मधल्या पट्ट्यात, अर्ध्या मुठीवर, गाडी अडखळत असेल, तर मेन जेटच्या वरचा हवेचा जेट पाहावा. तो लहान केला की, विशेषतः वरच्या वेगात, मिश्रण रिच होते. सुई असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये हेच काम सुईच्या खाचा करतात. पट्टी खालच्या खाचेत टाकली की सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. मेन जेट बदलला असेल, तर स्लोची सेटिंग शेवटी पुन्हा एकदा करावी. पीयूसी केंद्रातील यंत्र इथे उपयोगी पडते. ते स्लोवरील कार्बन मोनॉक्साइड मोजते, म्हणजेच पायलटच्या मिश्रणाचा आकडा दाखवते. २००० नंतरच्या आणि बीएस-४ पूर्वीच्या दुचाकींना त्याची मर्यादा ३.५ टक्के आहे. केंद्र चालवणाऱ्या दादांना विनंती करून नळी लावलेली असतानाच स्क्रू फिरवून पाहावा. मेन जेटविषयी मात्र ते यंत्र काहीही सांगत नाही.

पेट्रोल, ऑइल आणि ऋतू

२०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून तोच जेट या पेट्रोलवर आपोआप लीन ठरतो. १०० च्या आसपासच्या जेटला यासाठीही दोन-तीन अंक धरावेत. जुन्या पुस्तिकेतील आकडे या पेट्रोलसाठी लिहिलेले नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेते, तेव्हा पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरमधील फ्लोटच्या वाटीत साठलेले पेट्रोल काढून टाकावे. जुने रबरी पाईप आणि सील कडक झाले आहेत का, हेही पाहत राहावे.

पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल लिटरला २० मिलिलिटर, हे प्रमाण मोजूनच टाकावे. अंदाजाने दुप्पट ऑइल टाकून इंजिन वाचते असे नाही. जेटमधून जाणाऱ्या थेंबात ऑइल वाढले की पेट्रोल तेवढे घटते आणि मिश्रण लीन होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे १,१०० मीटर उंचीवर, गेलात तर विरळ हवेमुळे गाडी थोडी रिच वाटेल, त्यासाठी काही बदलू नये. काळजी उतरताना घ्यावी. मूठ मिटून गिअरच्या जोरावर लांब घाट उतरताना इंजिन वेगाने फिरते, पण पेट्रोलबरोबर येणारे ऑइल त्याला मिळत नाही. म्हणून अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देत राहावे.

एका वहीत तारीख, त्या वेळचे तापमान, मेन जेट, पायलट, स्क्रूचे फेरे आणि प्लगचा रंग लिहून ठेवावा. सेटिंग शक्यतो थंडीत, सकाळच्या वेळी करावी. त्या वेळी बसवलेला जेट उन्हाळ्यात फार तर थोडा जड वाटेल. उन्हाळ्यात जेट उतरवलाच, तर काढलेला मोठा जेट आकडा लिहिलेल्या डबीत घालून डिकीत ठेवावा आणि दिवाळीनंतर पहाटे पहिल्यांदा स्वेटर घालावा लागला, की त्याच दिवशी तो परत बसवावा.